तीनशे शर्टांमागे एक पुस्तक

माणूस कोणतं पुस्तक निवडतो यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं, असं गंभीर चेहऱ्याची माणसं व्यासपीठावरून सांगत आली आहेत. ते खरं आहे. फक्त सांगताना त्यांच्या मनात आत्म्याची उन्नती वगैरे असते. बाही उलटी लागणं, काज तिरकं पडणं आणि पाणीपुरवठा खात्याची बाराशे गणवेशांची ऑर्डर या गोष्टी त्यांच्या मनात नसतात. इथे त्याच होत्या.

शर्ट शिवायचा हा कारखाना एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली टायरचं दुकान, वर दाताचा दवाखाना. त्यामुळे खालून रबराचा वास येतो, वरून अधूनमधून किंचाळी येते, आणि मधे चौदा मशिनी चालतात. या मशिनींपुढे एका उंच स्टुलावर बसून एक बाई दिवसभर मोठ्यानं पुस्तक वाचतात. धाकट्या मालकांच्या आजीनं ही पद्धत सुरू केली. माणसं गप्पा मारायला लागली की बोलताना हात हलवतात, आणि हात हलले की शर्ट तसाच राहतो, हे आजींनी पाहिलं होतं. तेव्हा तोंडं बंद ठेवायची तर कानांना काहीतरी दिलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

वाचकबाई त्याआधी बावीस वर्षं तिथेच कॉलरी शिवत होत्या. मग उजवा खांदा आखडला. हात मशीनवर टेकेना, पण पुस्तक मांडीवर धरता येई. आजींनी त्यांना स्टूल दिलं. आवाज मुळातच खणखणीत, चौदा मशिनींच्या वर जाणारा. तो त्यांनी संसारात कमावला होता. नवरा बहिरा नव्हता, नुसता ऐकत नव्हता.

नवऱ्याबद्दल इथेच सांगून टाकलेलं बरं. ते नकाशे काढायच्या कचेरीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तिथे काढायला आता कोणी नकाशा देईना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर घेतलं. सगळ्या डब्यांना नंबर दिले. कोणता डबा कुठे आहे याचा तक्ता दाराच्या मागे लावला. भाजी चिरताना सुरी कोणत्या कोनात धरावी हे ते बायकोच्या मागे उभं राहून सांगत. गेल्या वर्षी बाईंनी चार दिवस रजा काढली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कारखान्याच्या जिन्यावर, कुलूप उघडायच्या आधी, डबा घेऊन बसलेल्या सापडल्या. म्हणजे ते स्टूल त्यांची नोकरी होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे ती दिवसातले नऊ तास कोणी सूचना न करण्याची जागा होती.

आता बॉबिनीचं. मशीनच्या पोटात खालच्या दोऱ्याची एक चिमुकली रीळ असते, ती बॉबिन. ती संपली की शिवण थांबते आणि नवी बसवायला मिनिटभर जातं. आजींनी नियम केला होता की ज्याची बॉबिन संपेल त्यानं हात वर करून "बॉबिन" म्हणावं आणि बाईंनी वाक्य पुरं करून थांबावं, म्हणजे बिचाऱ्याचं काही ऐकायचं राहायला नको. नियम दयाबुद्धीनं केलेला होता, आणि दयाबुद्धीनं केलेल्या नियमांचं जे होतं तेच त्याचं झालं. ज्याला पुस्तक आवडत नसे त्याची बॉबिन दर पाच मिनिटांनी संपायला लागली. काही जण बॉबिनी मुद्दाम अर्ध्याच भरून ठेवत. कारखान्यात मतदान कधी झालं नाही. गरजच पडली नाही.

गट तीन होते. कॉलरी शिवणाऱ्या वहिनींना इतिहास लागे. घोडे उधळले की त्यांची पाठ ताठ होई. बाह्या लावणाऱ्या बाहीवालीला खून लागे, आणि तो पहिल्या दहा पानांत झाला नाही तर आपल्याला फसवल्यासारखं तिला वाटे. काजं पाडणारे काजभाऊ अंगानं दांडगे, मिशा दोन्ही बाजूंनी मशीनच्या बाहेर येणाऱ्या. त्यांना प्रेमकथा लागे. बाकीचे या तिघांपैकी ज्याचं टेबल जवळ त्याच्या बाजूचे होते.

शिवाय खिडकीपाशी शेवटच्या टेबलावर भिंगकाका बसत. ते तपासनीस. शिवून झालेला शर्ट भिंगाखाली धरायचा, पास झाला तर उजवीकडे ठेवायचा, नापास झाला तर त्यावर खडूनं खूण करून, कारणाची चिठ्ठी टोचून डावीकडे टाकायचा, एवढं त्यांचं काम. दिवसाला चार शब्द बोलले तर पाचवा उद्यासाठी ठेवत. त्यांना मशीन नाही, म्हणून बॉबिन नाही. पुस्तक कोणतं हवं हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं.

आजींच्या गुडघ्यांनी जिना सोडला आणि धाकटे मालक शिकून परत आले. त्यांनी पहिल्याच महिन्यात एक तक्ता केला आणि एक स्पीकर आणला. तक्ता भिंतीवर गेला. स्पीकर खोक्यात, कपाटावर.

"बाई, वाचनाला माझा विरोध नाही," ते म्हणाले. विरोध असलेला माणूस असंच सुरू करतो. "पण तीनशे शर्टांमागे साठ नापास होतायत. प्रत्येक पाचवा शर्ट उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. याचं कारण काय?"

"मला काय माहीत? मी वाचते. शिवत नाही."

"तेच. चुकीचं पुस्तक. लक्ष कुठे तरी भलतीकडे जातं. आता ही बाराशेची ऑर्डर आहे. चार आठवडे, आठवड्याला तीनशे. चारपैकी एका तरी आठवड्यात नापास शर्ट वीसच्या आत आणून दाखवा. पुस्तक कोणतं ते तुम्ही निवडा, मी मधे पडत नाही. नाही जमलं तर स्पीकर. त्यावर हळू संगीत लावायचं, संशोधन झालंय त्यावर."

"आणि मी?"

"तुम्ही घरी आराम करा. तुमचा हक्कच आहे तो."

आराम हा शब्द ऐकल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे डबा क्रमांक एक ते एकेचाळीस उभे राहिले.

पहिला आठवडा वहिनींनी मिळवला. सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी येईल त्याच्या मशीनवर जाऊन बोलणी केली होती. बाईंनी ग्रंथालयातून वेढा पडलेल्या एका किल्ल्याची कादंबरी आणली. सहाशे चाळीस पानं, पैकी पहिली नव्वद किल्लेदाराच्या आजोबांची. वहिनींची बॉबिन दिवसभर पुरली. बाहीवालीची सकाळच्या सकाळी अकरा वेळा संपली.

"कोणी मेलं का अजून?" तिनं दोरा ओवता ओवता विचारलं.

"एकशे बारा माणसं मेली," वहिनी म्हणाल्या. "तू पुढची बॉबिन अर्धी भरत होतीस."

"तसलं नाही हो. लढाईतलं मरण धरत नाहीत. त्यात कोणी मारलं ते सगळ्यांना माहीत असतं."

"किल्लेदाराला बायको होती ना?" काजभाऊंनी मधेच विचारलं.

"होती. माहेरी पाठवली, पान ब्याण्णवला."

"मग पुढची साडेपाचशे पानं तो करतोय काय?" असं म्हणून काजभाऊंनी हात वर केला. "बॉबिन."

शनिवारी नापास शर्ट मोजले. चौसष्ट. धाकट्या मालकांनी तक्त्यावर लाल ठिपका काढला आणि त्यापुढे 'भावनिक गुंतवणूक?' असं लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी रहस्यकथा घेतली. खून पान चारवर. बाहीवालीनं आनंदानं भरगच्च बॉबिन बसवली, पण दर प्रकरणाच्या शेवटी तिचा पाय मशीनच्या पायट्यावरून उचलला जाई आणि हवेतच राही. बुधवारपर्यंत सगळा कारखाना माळ्यावर संशय घ्यायला लागला होता. वहिनी म्हणत होत्या की माळी नाही, सून. सुनेच्या बाजूनं दोन आणि विरुद्ध नऊ असे पक्ष पडले. वरच्या दवाखान्यातून सुन्न जबड्यानं उतरणारा एक पेशंट दाराशी थांबून ऐकायला लागला. खुनी कोण हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं, पण सांगता येईना.

"त्या इन्स्पेक्टरचं लग्न झालंय का?" काजभाऊंनी विचारलं.

"पुस्तकात दिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"नसणारच. झालं असतं तर रात्रीचा असा गावभर फिरला असता का? बॉबिन."

त्या आठवड्यात एकाहत्तर.

तिसरा आठवडा काजभाऊंचा. एक मुलगी, एक मुलगा, एक नदी, आणि दोघांच्या मधे त्यांचे वडील. मंगळवारीच काजभाऊंनी खिशातून मोठा रुमाल काढून मशीनशेजारी ठेवला, जसं काही ते अवजारच होतं.

"पळून जायचं तर जा ना," वहिनी मुलीला उद्देशून म्हणाल्या. "दीडशे पानं विचार कसला करतेयस? तेवढ्यात मी ऐंशी कॉलरी लावल्या."

"वहिनी, प्रेमात घाई चालत नाही," काजभाऊ म्हणाले.

"तुमचं लग्न कसं झालं हो?"

"ठरवून. अर्ध्या तासात." काजभाऊंनी नाक पुसलं. "म्हणून तर सांगतोय."

बाहीवाली आठवडाभर त्या वडिलांचा कोणीतरी खून करेल या आशेवर होती. तो झाला नाही. तिची बॉबिन शुक्रवारी एका दिवसात एकोणतीस वेळा संपली, हा विक्रम अजून मोडलेला नाही.

नापास शर्ट त्र्याऐंशी.

धाकट्या मालकांनी स्पीकर कपाटावरून उतरवला, खोक्याची चिकटपट्टी काढली आणि तो चार्जिंगला लावला. त्याचा एक हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर बाई मागे थांबल्या. कोणत्या पुस्तकानं शर्टाचा कोणता भाग बिघडवला हे एकदा डोळ्यांनी पाहावं, मग चौथ्या आठवड्याचं ठरवावं, असा त्यांचा विचार. नापासांचा ढीग उसवायला अजून गेला नव्हता. त्यांनी एकेक शर्ट उचलून उजेडात धरला. बावीस वर्षं कॉलरी शिवलेली बाई. त्यांना दुसऱ्याच्या लग्नातसुद्धा नवऱ्या मुलाच्या सदऱ्याची टीप कुठे घसरली ते दिसतं. पण त्यांनी दहा शर्ट पाहिले, वीस पाहिले, आणि त्यांना काही दिसेना. काजं सरळ, बाह्या जागेवर, कॉलरीची टोकं सारखी. कारणाच्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'चूक.'

भिंगकाका खिडकीपाशी भिंग पुसत होते.

"काका, हा का नापास?"

"टाके."

"काय झालं टाक्यांना?"

"इंचाला अकरा. बारा पाहिजेत."

"आधी अकरा चालत होते की. मी बावीस वर्षं अकरा घातले."

"चालत होते," काकांनी मान्य केलं.

"मग आत्ताच काय झालं?"

काकांनी भिंग डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि दिवसाचे चार शब्द संपलेले असूनही बोलायला सुरुवात केली.

"ती दोघं नदीकाठी भेटली त्या रात्री काय होतं?"

"पौर्णिमा."

"त्यानंतर नवव्या दिवशी ती गच्चीत उभी राहून रडली. तेव्हा?"

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून पान शोधलं. "पौर्णिमाच लिहिलीय."

"नऊ दिवसांत दोन पौर्णिमा," काका शांतपणे म्हणाले. "हे कोणीतरी लिहिलं, कोणीतरी छापलं, बाइंडिंग केलं, आणि एकानंही डावीकडे टाकलं नाही. मी ते ऐकतो आणि माझ्या हातात शर्ट असतो."

"त्या दिवशी किती नापास केलेत?"

"सव्वीस."

बाई खुर्ची ओढून बसल्या. काकांना आता थांबवता येत नव्हतं. किल्ल्यातल्या शिपायांनी उकडलेले बटाटे खाल्ले होते, आणि बटाटा त्या मुलखात पोचायला अजून दोनशे वर्षं होती. एकोणीस शर्ट. इन्स्पेक्टरच्या पिस्तुलात सहा गोळ्या होत्या, त्यानं आठ झाडल्या आणि मधे एकही भरली नाही. "मी मोजत होतो. बाकीचे नुसते घाबरत होते." बावीस शर्ट. खुद्द माळीच प्रकरण दोनमध्ये डावखुरा होता आणि प्रकरण अकरामध्ये उजव्या हातानं खुरपं धरत होता.

"काका, हे तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मला बॉबिन नाही," भिंगकाका म्हणाले.

त्यांनी टोपी घातली आणि ते गेले. तीन आठवडे आपण चौदा माणसांच्या आवडी सांभाळत पुस्तकं निवडली, प्रत्येकाचा हात वर गेला की वाक्य पुरं करून थांबलो, आणि ज्याच्या हातात शर्ट होते त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. ग्रंथालय सहाला बंद होत होतं.

"मला चूक नसलेलं पुस्तक द्या," त्या धापा टाकत म्हणाल्या.

ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्याकडे ऐतिहासिकचं कपाट होतं, रहस्याचं होतं, प्रेमकथांची तर दोन होती. "असं कपाट आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "कादंबरीत चूक असतेच. तिला आम्ही कल्पनाशक्ती म्हणतो. तुम्ही मागच्या बाजूला माहितीपर पुस्तकं बघा. तिकडे फारसं कोणी जात नाही, त्यामुळे धूळ असेल."

धूळ होती. पण बाईंनी पहिलंच पुस्तक उघडलं तर समासात पेन्सिलनं, मुंगीएवढ्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'चूक. मुंगीला फुप्फुस नसतं.' दुसरं पुस्तक पुलांवरचं. 'चूक. पान ८८ वर स्वतःच उलट म्हटलं आहे.' तिसऱ्यात नुसतं 'हं.' हे अक्षर बाईंनी तासाभरापूर्वीच नापास शर्टांवर टोचलेल्या चिठ्ठ्यांवर पाहिलं होतं.

"हा उपद्व्यापी माणूस आम्ही सहा वर्षं शोधतोय," ग्रंथपाल मागून म्हणाले. "सापडला की सभासदत्व रद्द. तुम्हाला माहितीय का कोणी असा?"

"नाही बाई," बाई म्हणाल्या. "अक्षर मात्र छान आहे."

त्यांनी सगळं कपाट खाली काढलं. ज्वालामुखी, दूरध्वनीची जन्मकथा, झोप, मीठ, व्यायामाचे फायदे. सगळीकडे पेन्सिल फिरलेली. व्यायामाच्या फायद्यांत तर मूळ मजकुरापेक्षा पेन्सिल जास्त होती. सर्वांत खालच्या फळीवर एक जाडजूड करडं पुस्तक सापडलं. विषय गोगलगायी. पानं चारशे बारा. बाईंनी पहिलं पान पाहिलं, शंभरावं पाहिलं, तीनशेवं पाहिलं. समास कोरे. एक तर काकांनी हे वाचलेलं नसणार, नाहीतर मग. त्यांनी मागची तारखांची चिठ्ठी उघडली. पुस्तक आजवर सात वेळा बाहेर गेलं होतं आणि सातही वेळा एकाच सभासदाकडे. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, पेन्सिलनं एकच शब्द होता. 'पास.'

रविवारी बाईंनी घरी सरावासाठी वाचायला घेतलं.

"अगं, पुस्तक डोळ्यांपासून बारा इंचांवर पाहिजे," नवरा म्हणाला. "आणि पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धर. मधे धरलंस की सुरकुती पडते."

"अहो, मी सहा वर्षं हेच काम करतेय."

"म्हणून तर सांगतोय. सहा वर्षं चुकीचं करतेयस." ते उठले. "थांब, पट्टी आणतो."

बाईंनी पट्टी येण्याआधी पुस्तक मिटलं आणि सोमवारची वाट पाहिली.

सोमवारी नऊ वाजता त्यांनी विषय सांगितला. नऊ वाजून दहा मिनिटांनी चौदाच्या चौदा बॉबिनी एकदम संपल्या. असं याआधी कधी घडलं नव्हतं. शांततेत खालच्या दुकानातला हवेचा पंप ऐकू आला.

"गोगलगाय?" बाहीवाली म्हणाली. "ती मरते तरी का कोणाच्या हातून?"

"ऐक तर," बाई म्हणाल्या.

आधी वहिनी गळाला लागल्या. पान चाळीसला समुद्रातल्या गोगलगायी आल्या. त्यांच्या अंगातून जांभळा रंग निघे, हजारो मारल्या तर एका झग्याच्या काठापुरता. तो रंग अंगावर घालायचा मान राजघराण्याचा. भलत्या माणसानं घातला तर शिक्षा.

"किती हजार?" वहिनींनी विचारलं. त्यांनी समोरच्या साध्या निळ्या कॉलरीकडे पाहिलं. "आणि आपण बसलोय पाणीपुरवठ्याचे शर्ट शिवत." पण पाठ ताठ झाली होती.

मंगळवारी एक जात निघाली, जी दुसऱ्या गोगलगायीनं मागे सोडलेल्या ओल्या रेषेचा माग काढत जाते, तिला गाठते आणि खाते. बाहीवालीनं मान वर केली.

"पुढचीला कळत नाही मागे कोणी आहे ते?"

"कळलं तरी काय करणार? पळते ती. पण तीही गोगलगायच."

"आणि मागची?"

"तीही."

पाठलाग तब्बल तेरा पानं चालला. बाहीवाली नंतर म्हणाली की असा जीव टांगणीला लागलेला पाठलाग तिनं जन्मात ऐकला नव्हता, कारण यात दोघींनाही विचार करायला भरपूर वेळ होता. तिचा पाय मात्र हवेत राहिला नाही. गोष्टीचा वेगच असा होता की शिवता शिवता ऐकता येई.

बुधवारी प्रेमाचं प्रकरण. काजभाऊंनी रुमाल आणलाच नव्हता.

"एकमेकांना बाण मारतात?" त्यांनी मशीन थांबवून विचारलं.

"खरोखरचा बाण. चुन्यासारखा कडक, सुईएवढा. स्वतःच्या अंगात तयार करतात आणि एकमेकांना टोचतात. त्याआधी काही तास नुसत्या एकमेकींभोवती फिरतात."

"काही तास," काजभाऊ वहिनींकडे बघून म्हणाले.

"आणि या जातीतली प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही."

काजभाऊ विचारात पडले. "दोघंही दोन्ही? मग रुसायचं कोणी?"

"ते दिलेलं नाही."

"दिलं पाहिजे होतं," काजभाऊ म्हणाले, आणि दुपारभर त्यावर विचार करत राहिले. त्या दुपारी एकाचीही बॉबिन वेळेआधी संपली नाही.

आणि भिंगकाका. सोमवारी विषय ऐकल्यावर त्यांनी फक्त एकदा बाईंकडे पाहिलं होतं. मंगळवारपासून त्यांचे ओठ हलायला लागले. बाई वाक्याच्या मध्यावर असत आणि काका शेवटाला पोचलेले असत. बुधवारी संध्याकाळी डावीकडे एकूण तीन शर्ट होते.

गुरुवारी बाईंनी स्टुलावरून पाहिलं की काकांनी एक शर्ट भिंगाखाली धरला आहे. भिंग शर्टावर होतं. काकांचे डोळे बाईंच्या तोंडावर होते. शर्टाचा खिसा उलटा लागला होता. वरून शिवलेला, खालून उघडा. काकांनी तो घडी करून उजवीकडे ठेवला.

बाई वाक्याच्या मधेच थांबल्या. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हात कोणाचाच वर नव्हता.

"काय झालं, बाई?" वहिनींनी विचारलं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला हिरवा दिवा लुकलुकत होता. बाईंना एकदम बारा इंच आठवले.

"काही नाही. पान चिकटलं होतं," त्या म्हणाल्या आणि पुढे वाचायला लागल्या.

शुक्रवारी डाव्या कफाला बटणच नसलेला एक शर्ट पास झाला. या वेळी पान चिकटलं नाही. गोगलगायींच्या दातांचं प्रकरण चालू होतं. एकेकीला हजारो दात असतात, हे ऐकायला वरचे डॉक्टर स्वतः खाली आले होते, आणि त्यांच्यासमोर थांबणं बरं दिसलं नसतं.

शनिवारी नापास शर्ट मोजले. सात.

धाकट्या मालकांनी पुन्हा मोजले. मग त्यांनी तक्त्यावर हिरवा ठिपका काढला आणि सगळ्यांना जमवून छोटंसं भाषण केलं. ललित साहित्यानं कामगार वाहवत जातो, वास्तवाधारित वाचनानं त्याचे पाय जमिनीवर राहतात, हे आता आकड्यांनी सिद्ध झालं आहे, असं ते म्हणाले. पाय पायट्यावर राहिले पाहिजेत असं बाहीवाली म्हणाली, पण ते त्यांनी ऐकलं नाही. बाईंचं स्टूल कायम. वर त्याला पाठ टेकायला फळी बसवून मिळेल. स्पीकर दाताच्या दवाखान्याला देऊन टाकला.

"पुढचं पुस्तक कोणतं?" वहिनींनी जिन्यात विचारलं. "शंख-शिंपले नकोत हं आता. एखादा घोडा तरी असू दे."

"काकांना विचारते," बाई म्हणाल्या.

"भिंगकाकांना? त्यांना काय कळतं पुस्तकातलं?"

बाई परत जिना चढून काकांच्या टेबलाकडे गेल्या. घरी त्यांना उशीरच झाला. नवऱ्यानं दार उघडून तो किती मिनिटं झाला ते सांगितलं, आणि बाईंनी ते अगदी आनंदानं ऐकून घेतलं. सोमवार एका दिवसावर आला होता.

बाराशे शर्ट बारा खोक्यांतून रवाना झाले. पंधरा दिवसांनी धाकट्या मालकांना वाटलं, आपल्या प्रयोगाबद्दल गिऱ्हाइकाचे चार शब्द लेखी मिळाले तर तक्त्याशेजारी लावता येतील. त्यांनी पाणीपुरवठा खात्याच्या भांडारपालांना फोन केला.

"शर्ट कसे वाटले?"

"पोचले," भांडारपाल म्हणाले. "बारा खोकी. मोजून घेतली."

"शिवण कशी वाटली? या वेळी आम्ही दर्जावर विशेष लक्ष दिलं होतं."

"खोकी नाही उघडली."

"अजून वाटले नाहीत का?"

"वाटायचे कोणाला? गणवेशाची सक्ती सात वर्षांपूर्वीच उठली. ऑर्डर तेवढी दर वर्षी निघते."

खोकी पंपघराच्या मागच्या खोलीत ठेवली आहेत. ही बारा धरून चौऱ्याऐंशी.